मीठ आता बंद

अकीला आपाला भीत नाही असं माणूस वणीत शोधूनही सापडायचं नाही. रेशनवाला तिला लांबून येताना पाहतो आणि उगाच तराजू पुसायला घेतो. नळाला पाणी सोडणारा बाबू तिला बघून चहाला सटकतो, तर ही बाई त्याच्या आधी टपरीवर जाऊन उभी. शाळा सातवीत सुटली. कायदा शिकली ती रांगेत उभी राहून. पोटासाठी ब्लाउज-परकर शिवते. नवरा फिरोज ट्रकचा मेकॅनिक, दिवसभर गाडीखाली उताणा. तो म्हणतो, गॅरेजात हॉर्न वाजत नाहीत तेवढी ही घरात वाजते.

तर अशी ही अकीला एका दुपारी भ्याली. अशी भ्याली की आजही तिच्यासमोर डबा उघडला की तिचं बोट आधी त्यात जातं.

गोष्ट डब्याचीच आहे.

तिच्या समोरच्या खोलीत कपिल आणि सोनू भाड्यानं राहतात. कपिल कोळशाच्या खाणीत ठेकेदाराच्या डंपरवर. सोनू मुकुटबनकडच्या पुंडलिकराव नावाच्या शेतकऱ्याची लेक. सोनूला पहिली मुलगी झाली आणि घरात करणारं कोणी नाही. कपिलची आई कधीच वारलेली. सोनूची आई मांडीचं हाड मोडून खाटेवर. दवाखान्यातून घरी आल्या दिवशी कपिलनं बायकोसाठी आलुबोंडे आणले. अकीलानं तो पुडा त्याच्या हातातून हिसकून घेतला.

"काय बे कपिल, ओल्या बाळंतिणीले आलुबोंडा? अक्कल गहाण टाकली का?"

"आपा, मले तेवढंच भेटलं."

"मंग मले काहून नाही विचारलं? मी काय मेली होती?"

सरकार बाळंतिणीसाठी योजना काढतं, योजनेचा फोटो काढतं आणि बाळंतीण घराचा उंबरा ओलांडून आत गेली की तिला विसरतं. चूल कोणी पेटवायची हे कोणत्याच योजनेत नसतं. अकीलानं त्याच संध्याकाळी गल्लीतल्या बाया गोळा केल्या. मुसलमानांत चाळीस दिवसांचा चिल्ला पाळतात, हिंदूंत सव्वा महिना. अकीला म्हणाली, हिशेब एकच, बाई चुलीपासून दूर पाहिजे. पाळी लावली. जेबाकडून सुक्यामेव्याचा गोड हरीरा, विमलताईकडून लसणाची चटणी-भाकर आणि शेपूची भाजी, लालीबाईकडून बाजरीचं काहीतरी. एक नियम अकीलानं स्वतःच्या डोक्यानं घातला: आज जिनं डबा दिला तिनं तो परत आणायचा नाही. उद्याच्या बाईनं रिकामा डबा उचलायचा आणि आत काय उरलं ते बघायचं. बाळंतीण तोंडानं काही सांगत नाही, लाजते. डबा सांगतो.

नात बघायला पुंडलिकराव आले. धोतर-टोपीतले उंच, कमी बोलणारे. डब्याकडे बघत त्यांनी विचारलं, "हे कोणाच्या घरचं?"

"आज जेबाच्या घरचं," अकीला म्हणाली. "उद्या विमलताईच्या. परवा राजस्थानवाल्या लालीच्या."

पुंडलिकराव त्या दिवशी तिथं फक्त पाणी प्याले. निघताना दारात थांबले. "बाई, तुमचं मन मोठं हाये, नाही म्हणत नाही मी. पण इतक्या घरचं खाऊन पोरीले काही झालं, तं मी कोणाले विचारू?"

तो प्रश्न अकीलाला झोंबला. हात नाचवून म्हणाली, "मले विचारा. अकीला म्हणतात मले. दुसऱ्या कोणाच्या दारात जायची गरज नाही."

पुढं आशाताईनं येऊन सोनूचं बीपी मोजलं. वाढलेलं होतं. पायाला सूज होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि आशाताई अकीलाला सांगून गेली, "मीठ आता बंद. गोड, तूप, दूध चालते. मीठ आता बंद."

अकीलानं सगळ्या बायांना फोन लावले. लालीबाईला फोन लावला तेव्हा पाय मशीनवर होता, फोन मान आणि खांद्याच्या मधे, आणि बाहेरून कोळशाचे ट्रक धडधडत जात होते. लालीचा नवरा देवीलाल असाच एक ट्रक चालवतो. ही जोडी राजस्थानातून नवीनच आलेली, लालीचं मराठी भाजीबाजारापुरतं.

"लाली, सोनू का मीठ आता बंद. समझी?"

"दीदी, वो क्या..."

"अरे कितनी बार बोलूं? कान में रुई डाली क्या? मीठ आता बंद, बस! गोली चालू हुई उसकी."

"जी दीदी."

फोन ठेवला. शिवण पुढं सरकली.

लालीची पाळी यायच्या आतच जेबाच्या भावाचं लग्न निघालं, पांढरकवड्याला. निम्मी गल्ली लग्नाला. विमलताई तिच्या गावी गेलेली. लाली म्हणाली, दीदी, मैं सब देख लूंगी, आप जाओ. अकीला ऐटीत गेली. लग्नाच्या मांडवात बायांना सांगत होती, "मी इथं हाये आन् तिकडं माही मशीन आपोआप चालू हाये. याले म्हणतात संघटना."

लग्नाहून परतली ती तीन-चार दिवसांनी, दुपारी. अंगावर अजून जरीचा सूट, हाताला मेंदी, पिशवीत सोनूसाठी लग्नातले बुंदीचे लाडू. घरी न जाता सरळ समोरच्या खोलीत शिरली.

सोनू भिंतीला टेकून बसली होती. एका हातानं कपाळ दाबलेलं. पोरगी बाजूला दुपट्यात झोपलेली.

"काय वो महाराणी, डोकं काहून धरलं? पोट्टीनं जागवलं का?"

"दुखून राह्यलं, आपा. सकाळपासून."

अकीलानं लाडू काढून तिच्यासमोर धरला. "घे. तोंड गोड कर."

सोनूनं हात मागं घेतला. "नाही आपा. मले गोड बंद हाये ना."

अकीला हसली. "कोण म्हणे गोड बंद?"

"लालीभाभी. म्हणे, आपानं सांगतलं, मीठा बंद."

अकीलाच्या हातातला लाडू तसाच राहिला.  तिनं तोच शब्द ओठांत हळूच उलटून पाहिला. मीठ आता. मीठाता. मीठा तो.

कोपऱ्यात डबा होता. रिकामा. बिनमिठाचं जेवण सोनूला जात नसे, तेव्हा डबा रोज अर्धा परत यायचा आणि बाया हळहळायच्या. आज डबा पुसून खाल्लेला. अकीलानं झाकण उघडलं. कडेला बाजरीच्या राबडीचा थर सुकला होता, ताकात शिजवलेली ती राजस्थानी आंबील. तिनं बोट फिरवलं, जिभेला लावलं.

खारट. दुसऱ्या पुडात पापडाचा तुकडा. तिसऱ्यात लोणच्याचा खार.

"रोज असंच देत होती?"

"हो. लय चांगलं करते ती. बिचारी म्हणे, मीठा बंद हाये तं तोंडाला चव तरी पायजे." सोनू ओशाळून हसली. "मले वाटलं, मिठाची मनाई उठली असंन. तुम्ही रागवान म्हणून विचारलं नाही."

सोनूचा चेहरा आता अकीलानं नीट पाहिला. पापण्या फुगलेल्या. बोटातली अंगठी मांसात रुतलेली.

"डोळ्यापुढं काही दिसते का तुले?"

"चमकते काहीतरी. तुमच्या सूटावरची जर असंन."

जर चमकत नव्हती. खोलीत ऊनच नव्हतं.

अकीलाची एक बहीण होती, शमा. तिच्याही डोळ्यांपुढं असंच चमकलं होतं, बाळंतपणानंतरच. घरातले म्हणाले, हवा लागली. दोरा बांधला, धुरी दिली. शमा झटके येऊन गेली. तेव्हा अकीला अंगणात उभी होती आणि तिला कोणी विचारलं नव्हतं. नंतर तिनं जगाला विचारायचा जो सपाटा लावला त्याचं मूळ तिथं आहे. हे ती कोणाला सांगत नाही.

तिनं लालीला फोन लावला. 

"लाली, नमक डाला था क्या?"

"हां दीदी. आपने ही तो बोला था, मीठा तो बंद. मैंने गुड़ का एक कण नहीं डाला." मग लालीचा आवाज बारीक झाला. "क्या हुआ दीदी? कुछ हो गया क्या उसको?"

 अकीलानं फोन बंद केला आणि ती दारातून फिरोजच्या नावानं किंचाळली. गॅरेज गल्लीच्या टोकाला. तो आवाज ऐकून फिरोज गाडीखालून बाहेर आला तो डोकं आपटूनच.

अँब्युलन्सला फोन केला तर म्हणे, गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली, थांबा. अकीला थांबणारी नव्हे. गॅरेजात सगळ्या गाड्यांची आतडी बाहेर काढलेली. एक गिऱ्हाइकाचा छोटा हत्ती टेम्पो तेवढा धड होता. फिरोजनं तोच काढला. कपिलचा फोन खाणीत लागत नव्हता. सोनूला मधे बसवलं, अकीला दाराशी, पोरगी अकीलाच्या मांडीवर. पोरगी जागी झाली आणि जरीला तोंड लावून दूध शोधू लागली.

"आपा, एवढी घाई कायले? डोकंच तं दुखते."

"चूप बस. डोळे मिट. नाही, मिटू नको. माह्याकडं पाय."

रेल्वेचं फाटक बंद होतं.

कोळशाची मालगाडी. काळ्या वाघिणी एकामागं एक, शेपूट दिसेना. फिरोजनं हॉर्न दाबून धरला. अकीला पोरगी सोनूच्या मांडीवर ठेवून खाली उतरली आणि फाटकवाल्यावर तुटून पडली.

"खोल फाटक! बाई मरून राह्यली आत!"

"बाई, गाडी चालू हाये ना. गाडीखाली घालू का तुमची गाडी?"

"तुही नोकरी खाईन मी!"

"खा. पण गाडी जाऊ द्या आधी."

आयुष्यात पहिल्यांदा तिच्या ओरडण्यानं काहीच हललं नाही. मालगाडी तिच्या नावाला ओळखत नव्हती. वाघिणीमागं वाघीण जात राहिली, भुरभुर कोळसा तिच्या जरीवर बसत राहिला, आणि तिच्या कानात एकच फिरत होतं: कान में रुई डाली क्या. कान में रुई डाली क्या. लालीनं विचारलं होतं. वो क्या, म्हणाली होती. पुढं बोलू दिलं असतं तर दोन शब्दांचा तर मामला होता.

मागून सोनूची हाक आली. "आपा, मले तुम्ही दोन दोन दिसून राह्यल्या."

फाटक उघडलं.

दवाखान्याच्या दारात स्ट्रेचरवर घेता घेता सोनूचे हात लाकडासारखे ताठ झाले. डोळे पांढरे. दात कटकट वाजायला लागले आणि अख्खं अंग उडायला लागलं. नर्सनं तिला कुशीवर वळवलं, कोणीतरी ओरडलं, इंजेक्शन काढा. दार लोटलं गेलं. बाहेर अकीला, तिच्या हातात सोनूची पोरगी, आणि पोरगी भुकेनं लाल होऊन रडत होती.

 अकीला फरशीवर बसली. फिरोजनं पाणी आणलं; तिनं ते बाजूला ठेवलं.

तरुण डॉक्टरीण बाहेर आली. "पेशंटसोबत कोण?"

"मी."

"बीपी खूप वर गेलंय. गोळ्या घेत होती का?"

"रोज. मी सांगितल्या होत्या, कपिल देतो."

"खाण्यात काय होतं? मीठ बंद सांगितलं होतं ना?"

इथं अकीलाच्या डोक्यात एक दार उघडलं. कोण पाहत होतं? म्हणता आलं असतं, मी गावाला गेली होती. म्हणता आलं असतं, त्या परदेसी बाईला मराठी कळत नाही, तिनं घातलं. दोन्ही खरंच होतं. आणि बाहेर काय उठेल हेही तिला दिसत होतं. गावातलं हवामान तिला चांगलं ठाऊक. कोणाच्या घरचा डबा, कोणी लावली पाळी, कशाला लावली. लाली दार लावून बसेल. जेबाच्या हरीऱ्याकडं कोणी बघणार नाही. आणि आत सोनू जगते की नाही, ते अजून कोणीच सांगितलं नव्हतं.

"खारट होतं," ती म्हणाली. "पापड, लोणचं, सगळं. माह्या सांगण्यात चूक झाली. दुसऱ्या कोणाची नाही."

डॉक्टरणीनं ते केसपेपरवर लिहिलं. "एकट्या मिठानं असं होत नाही. हा आजार बाळंतपणानंतरही उलटतो. मिठानं भर घातली असेल, नसेल, मला सांगता येणार नाही. झटका थांबलाय. अजून येऊ शकतो. बाळाला वरचं दूध द्या आत्ता."

भर घातली असेल, नसेल. अकीलाला वाटलं, यापेक्षा तोंडात मारली असती तरी चाललं असतं.

फिरोजनं निरोप धाडला होता; अंधार पडायच्या आत पुंडलिकराव आले. कोणाच्या तरी मोटारसायकलवर बसून, टोपी हातात, डोक्यावर धूळ. मागोमाग कपिल, खाणीतल्या कपड्यांवरच. कपिल सरळ दाराकडं धावला. पुंडलिकराव अकीलासमोर थांबले. ती उठून उभी राहिली. नात तिच्या खांद्यावर झोपली होती.

"काय झालं?"

"काका, तुम्ही म्हणाले होते, कोणाले विचारू. मी म्हणाली होती, मले विचारा." तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "मंग मीच सांगते. मी लालीले बोलली, मीठ आता बंद. तिले वाटलं, मीठा बंद. तिनं गोड बंद केलं आन् मीठ घातलं. ती इचारत होती, मी तिच्यावर खेकसली. सोनूनं माह्या भेवानं इचारलं नाही. असं झालं."

पुंडलिकरावांनी तो शब्द मनात घोळवला; ओठ हलताना दिसले. मीठ आता. मीठा तो.  ते ओरडले असते, तर तिला बरं वाटलं असतं. ओरडण्याला उत्तर तिला देता येतं.

ते बाकावर बसले. हात पुढं केले. अकीलानं नात त्यांच्या हातात दिली आणि दोघं त्या बंद दाराकडं बघत बसले. दार उघडलं की दोघांचीही मान एकदम वर व्हायची. सलाईनची बाटली आत जायची, रिकामा ट्रे बाहेर यायचा, माणूस काही सांगायचं नाही. ती रात्र दोघांनीही त्याच बाकावर काढली, आणि त्या रात्रीत अकीलानं कोणाशीही भांडण केलं नाही. वॉर्डबॉय दोनदा बोलला, इथं बसू नका. ती दोनदा उठली आणि त्यानं पाठ फिरवल्यावर परत बसली.

सकाळी नर्स म्हणाली, झटका परत आला नाही. बीपी उतरतंय. शुद्धीवर आहे, पोरगी मागते.

कपिल बाळाला घेऊन आत गेला. पुंडलिकराव जागचे हलले नाहीत. टोपी झटकली, डोक्यावर घातली. मग समोर बघतच विचारलं, "आजचा डबा कोणाकडं हाये?"

अकीलाला वाटलं, आपल्या ऐकण्यातच चूक झाली. "काय म्हणाले, काका?"

"डबा. पोरीले दवाखान्यातलं जाणार नाही. पाळी कोणाची हाये?"

"लालीची," ती म्हणाली. "पण ती आता..."

"मंग तिले सांगा, बिना मि..."

"नका!" अकीलानं हात वर केला. "काका, तो शब्द नका काढू. नमक म्हणा."

पुंडलिकरावांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "बरं बाप्पा. नमक."

तिनं फोन लावला. लालीनं उचलला नाही. परत लावला. तिसऱ्यांदा देवीलालनं उचलला; म्हणाला, रातभर रोई है, खाना नहीं खाया, पुलिस आएगी क्या पूछ रही है. अकीला म्हणाली, पुलिस नहीं, मैं बोल रही हूं, डब्बा भेजने को बोल.

ऊन चढल्यावर लाली आली. पण आत आली नाही. दवाखान्याच्या फाटकाबाहेर, पदर नाकापर्यंत ओढून, डबा पोटाशी धरून उभी. अकीला बाहेर गेली तशी ती दोन पावलं मागं सरकली.

"सोनू ठीक है," अकीला म्हणाली. "बोल, डिब्बे में क्या है?"

"खिचड़ी. घी. और थोड़ा गुड़ का सीरा." लालीनं पदराआडून पाहिलं. "नमक बंद. मीठा चालू. सही है ना, दीदी?"

"सही है."

"एक बार आप बोलो ना."

"अरे बोली ना मैं..." अकीलाचा आवाज सवयीनं चढायला लागला होता. लाली आणखी एक पाऊल मागं गेली. अकीला थांबली. एकेक शब्द सुटा करून बोलली, जसे शाळेत बाई फळ्यावर लिहिताना बोलतात. "नमक. बंद. मीठा. चालू."

लालीनं डबा पुढं केला. अकीलानं तिथंच फाटकात झाकण काढलं, खिचडीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. काहीच लागलं नाही. फिकी, नुसती डाळ-तांदळाची वाफ.

झाकण लावलं. दोन पावलं गेली, थांबली. झाकण परत काढलं आणि दुसऱ्यांदा बोट बुडवलं.